ङपासून सुरू होणारी भाषा

शाळेच्या अंकलिपीत ङ पुढे चित्र नसायचं. कमळ, खटारा, गणपती, घर, आणि मग एक रिकामा चौकोन. उभ्या आयुष्यात मला ङ लागला तो 'वाङ्मय' लिहिताना, तोही मार्क जाण्यापुरता. या बिनकामाच्या अक्षराला शेवटी नोकरी लागली ती मिशिगनमध्ये, दोन हजार चारच्या हिवाळ्यात. मी तेव्हा तिथल्या नोव्हाय गावात गाड्यांच्या ब्रेकवर काम करत होतो आणि एका फिलिपिनो नर्सशी मला लग्न करायचं होतं. तिच्या आईशी तागालोगमध्ये चार वाक्यं बोलल्याशिवाय माझी डाळ शिजणार नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

तागालोगमध्ये शब्दच्या शब्द ङपासून सुरू होतात. ङिपिन म्हणजे दात, ङायोन म्हणजे आत्ता. चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो. हे शेवटचे दोन आमचेच शब्द आहेत, असं मी तिला जरा छाती फुगवून सांगितलं. मग तुला सोपं जाईल, असं ती म्हणाली. तसं काही झालं नाही. कारण या भाषेत काही शब्दांच्या शेवटी आवाज घशातच अडवायचा असतो, उचकी येता येता राहावी तसा. 'बाता' म्हणताना शेवटी घसा अडवला तर लहान मूल. नाही अडवला तर अंघोळीनंतर घालायचा झगा.

पहिल्या भेटीत तिच्या आईनं दार उघडलं. त्यांना तिता म्हणायचं होतं. काकू आणि मावशी दोन्हींचं काम हा एकच शब्द करतो. त्यांनी मला न्याहाळून मुलीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हिंदी." माझी मातृभाषा परस्पर बदलली जात आहे हे मला सहन होईना. मी म्हणालो, "नो नो, मराठी." दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. तितांनी विचारलं होतं की हा डुकराचं मांस खातो का, आणि हिंदी म्हणजे त्यांच्यात नुसतं 'नाही'. पुढे जेवताना मला मुलं फार आवडतात असं मी तागालोगमध्ये सांगितलं. तितांनी मान डोलावली आणि मॉलमध्ये झग्यांचा सेल लागलाय असं कळवलं.

एक गोष्ट मात्र जमली. मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालायचा असतो. मी नागपूरचा. आम्ही 'जी' लावल्याशिवाय शिवीसुद्धा देत नाही. जिथे जी आला असता तिथे मी पो ठेवत गेलो आणि तिता थोड्या सैलावल्या.

परतताना गाडीत तिनं मला सगळ्यात अवघड धडा दिला. त्यांच्यात इंग्रजी 'वी'साठी दोन शब्द आहेत. ऐकणारा धरून असेल तर तायो, त्याला वगळून असेल तर कामी. अमेरिकन लोक यात महिनोन्‌महिने अडकतात म्हणे. मी म्हणालो, आपण आणि आम्ही, त्यात काय. ती थोडी हिरमुसली.

मग तितांचा निरोप आला. त्यांच्यात मुलाचे आईवडील मुलीच्या घराच्या पायऱ्या चढून मागणी घालायला येतात. ते आल्याशिवाय लग्नाचं बोलणं नाही. मी कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे मुलाकडचे जात नसतात."

मी त्या घरात जन्मलो, वाढलो. तोपर्यंत कायम 'आपल्याकडे' होतं. मला फार लागलं ते. मी फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी तितांनी टेबल मांडलं होतं. बसण्याआधी सांगून टाकावं म्हणून मी उभ्या उभ्याच म्हणालो, "हिंदी पो सिला दारातिङ." ते येणार नाहीत. दारातिङमध्ये आपलं दारात आहे, हे मला वाक्य संपताना कळलं. सगळे उच्चार बरोबर आले होते. तितांनी मुलीकडे पाहिलं, मग बराच वेळ भाताच्या भांड्याकडे. आता आपल्याला जायला सांगणार, असं मी धरून चाललो.

"काइन ना तायो," तिता म्हणाल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

दोन दिवसांनी मी आईला फोन केला. तुम्ही येणार नाही हे सांगून आलो, असं कळवलं. त्या काय म्हणाल्या, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "चला, जेवू या आपण, असं म्हणाल्या."

"आपण म्हणाल्या?"

"हो. त्यांच्यात आम्हीचा शब्द वेगळा आहे."

मग आईनं विचारलं, "तिकडे स्वेटर लागतो का रे?"

"लागतो," मी म्हणालो. "बाबांचाही आण."