टोचनमामांचे डोळे

समोरून झगझगीत गाडी आली की टोचनमामा उजवा डोळा मिटून घ्यायचे. शेजारी पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला वाटे, ड्रायव्हर आपल्याला डोळा मारतोय. गाडी निघून गेली की उजवा उघडायचा आणि त्या ताज्या डोळ्याने पुढचा अंधार वाचायचा. "डावा त्यान्ला दिलाय. काय दिपवायचं ते दिपवू द्या. उजवा आपला," एवढंच त्यांचं शास्त्र.

खर्ड्याच्या स्टँडवर त्यांची जुनी जीप उभी असे. बंद पडलेली गाडी दोर लावून ओढून न्यायची, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. रात्री-अपरात्री त्या रस्त्यावर कुणाचीही गाडी बसली की त्यांनाच फोन जाई. खरं नाव रेशनकार्डावर असेल, तिथेच राहिलं.

माझं जामखेडला गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीटकव्हर, हॉर्न आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या एलईडी लाईटी. नवी गाडी घेतलेला माणूस आधी शनिशिंगणापूरला जाई, मग लिंबू-मिरची लटकवून माझ्याकडे येई. स्वतःची साडेसाती टाळून झाली की ती समोरच्यांना वाटायची सोय माझ्याकडे होती. "शेठ, समोरचा जागेवर थांबला पाहिजे," असं गिऱ्हाईक सांगे. थांबेल अशीच लाईट मी बसवून देई. तो कुठे थांबेल, रस्त्यावर की बाभळीत, याची चौकशी करायला माझ्याकडे वेळ नसे.

मामा रिफ्लेक्टरची पट्टी घ्यायला येत. एकदा काउंटरवरची एलईडी उलटसुलट करून म्हणाले, "शेठ, ह्यानं रस्ता दिसतो, का गाडीचा मालक?"

"जमाना बदललाय, मामा."

"बदलला की. पयलं रस्ता बघाया लाईट लावायचे. आता आपन कोन हाय ते दावाया लावत्यात. पर डोळं दिपल्यावं आपन बी दिसत न्हाई, ही खरी गंमत हाय."

मी हसलो आणि पट्टी कापून दिली. हसण्याची सवय धंद्याला बरी पडते.

भरलेली ट्रॉली जोडली की त्यांची जीप मागे बसायची, तोंड वर करायची आणि उजेड लिंबाच्या शेंड्यावर जायचा. मग मामा जीप एखाद्या भिंतीसमोर उभी करत, उजेड कुठवर चढतो ते बघत आणि दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचेला खाकी चिकटपट्टी लावत. मागचा माणूस घाईला आलेला असला तरी हे व्हायचंच. "ओझं माझ्या मागं हाय. त्ये समोरच्याच्या डोळ्यात कशाला घालू?" असं विचारत.

दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मालकाला एकच नियम: पार्किंगची बारीक लाईट लावायची, मोठी लावायची नाही. "तुमची लाईट माझ्या आरशात येती. मग मला माझंच तोंड दिसतं, आन त्ये काय बघन्यासारखं न्हाई."

चार वर्षांपूर्वी खर्ड्याच्या अलीकडे माझ्याच गाडीची क्लच प्लेट जळाली. मामा आले, दोर बांधला, नियम सांगितला. वर म्हणाले, "शेठ, आज तुमचा माल झाकून ठेवा." गमतीनेच म्हणाले. मला लागलं. दहा किलोमीटर मी त्यांच्या मागून अंधारात, त्यांच्या तालावर ब्रेक दाबत गेलो. पुढे मी जे केलं ते कुणाला न सांगणंच बरं, असं आजवर मानत आलो. म्हणून कारणही कधी सांगितलं नाही. आता सांगतो. दोर नीट दिसत नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मामांना माझा माल दाखवायचा होता.

एका मोरीच्या आधी मी फुल लाईट लावली. पुढची जीप आतून पांढरी झाली. मामांचा हात आरशाकडे जाताना दिसला, आणि जीप कठडा सोडून खाली गेली. माझी गाडी तिच्या पाठीवर जाऊन टेकली. मामांचं उजवं मनगट मोडलं. माझ्या लाईटीला ओरखडाही नव्हता. माल चांगलाच होता.

माणसं जमायच्या आत मी लाईट बंद केली आणि विचारलं तेव्हा म्हणालो, "समोरून फुल लाईटची गाडी आली." मामा माझ्याकडे बघत होते.

माझ्या खोट्याने कोणी ट्रकवाला बदनाम झाला असता तर निदान तो अनोळखी होता. पण स्टँडवर वेगळाच निकाल लागला. "जल्मभर असल्या गाड्या पचवल्या. आता पचंना, म्हंजी म्हाताऱ्याचं डोळं गेलं." मनगट दोन महिन्यांत जुळलं. फोन मात्र बंद झाले. मामा शिबिरात डोळे तपासून आले. डॉक्टरने दोन्ही ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. तो कागद ते स्टँडवर दाखवत. लोक मान डोलवत आणि टोचनासाठी दुसऱ्याला बोलवत.

आमच्याकडे 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे टोचन आणि मनाची टोचणी यांत फारसं अंतर उरत नाही. वर्षभराने मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मामा, त्या रात्री लाईट मी लावली होती."

ते शेंगा फोडत होते. एक शेंग माझ्यापुढे केली. "मला काय सांगताय, शेठ? मी तर आरशात बघितलंय. ज्यान्नी बघितलं न्हाई त्यान्ला सांगा की."

मी "हो" म्हणालो. धंद्यात हो म्हणायचीही सवय असते.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याला रिवाजाप्रमाणे भाषणं झाली. एका पुढाऱ्याने सांगितलं की मामांनी समाजाला उजेड दिला, पण शेवटी डोळ्यांनी दगा दिला. मग माईक माझ्याकडे आला. मी म्हणालो, "मामांच्या डोळ्यांत काहीही दोष नव्हता." सगळ्यांनी माना हलवल्या. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मीही तेवढ्यावरच माईक पुढे दिला.

म्हणून ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. त्या रात्री मोरीवर समोरून एकही गाडी आली नव्हती.