ओल्या मुरुमावरचा साहेब

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. आणि माझ्या चहात साखर जरा जास्त टाका. हे सांगायला बसलो की माझं तोंड आपोआप कडू होतं.

लोकांची लग्नं हुंड्यावरून मोडतात, मानपानावरून मोडतात. माझं मोडलं सायकलवरून! दुसऱ्या कोणी मोडलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण स्वतःलाच किती देणार?

साठ साल नुकतंच सरलं होतं. मी बाभुळगावच्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो, घराण्यातला पहिला पगारदार. दोन मुली पाहून झाल्या होत्या आणि दोन्हीकडून नकार आला होता. एक म्हणाले, "पोरगा लई बोलते." म्हणून दुसरीकडे मी तोंडच उघडलं नाही, तर त्यांनी विचारलं, "पोरगा मुका हाय का?" आता तुम्हीच सांगा, माणसानं बोलावं तरी किती?

तिसरं स्थळ आलं वत्सलाचं. हिला मी आधी पाहिलं होतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झालेली, तेव्हाच्या एका कार्यक्रमात ती उभी राहून वाचत होती. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि मनात ठरवून टाकलं, करायची तर हीच. खोटं कशाला बोलू, जीव अडकला होता माझा.

तिचे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

बाबा आणि मामा दमणीत बसून, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीतून, सकाळीच निघाले.

"तूही बस ना बापा गाडीत," मामा म्हणाला.

"नाही. मी सायकलनं येतो."

"काहून?"

काहून म्हणजे काय? जावई सायकलवाला आहे हे दिसायला नको? आदल्या दिवशीच मी रशीदचाचाच्या दुकानात नेऊन सायकल चकाचक करून घेतली होती. चाचानं दोन्ही चाकांवरचे मडगार्ड काढून बाजूला ठेवले.

"मास्टर, रस्त्यात काली मिट्टी हाय. मडगार्डात भरली तर तुम्ही सायकलवर नाही बसणार, सायकल तुमच्यावर बसंन."

बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडच्या काळ्या मातीत सायकल खांद्यावर घेऊन चालणारे मी कितीतरी पाहिलेत. मी चाचाचे आभार मानले. हेही लक्षात ठेवा.

अंगात पांढराशुभ्र सदरा, खाली पँट आणि डोक्यावर साहेबी हॅट. हॅट शाळेच्या नाटकातली, साहेबाचं सोंग घेणाऱ्यासाठी आणलेली. आरशात पाहिलं आणि मीच मला सलाम ठोकला.

त्यांच्या गावाच्या अलीकडे मोठा तलाव आहे आणि तलावाखाली सगळं चिभड, म्हणजे बारा महिने पाणी झिरपणारी दलदल. जुना गाडीरस्ता या चिभडाला मोठा वळसा घालून जातो. बाबा आणि मामा तिकडून गेले. मी फाट्यावर आलो, तर समोर नवा रस्ता! चिभडातून सरळ काढलेला उंच भराव, वर तांबडा मुरूम दाबून बसवलेला. अख्ख्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या.

आता आमच्याकडे रस्त्यावर काट्या टाकल्या म्हणजे काय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मुरूम ओला आहे, दोन दिवस पाय ठेवू नका! पण मी पडलो मास्तर. मला वाटलं, गुरांसाठी टाकल्या असतील. मी काही गुरू... म्हणजे गुरांपैकी नव्हतो. हाताला रुमाल गुंडाळला, काट्या बाजूला ओढल्या आणि सायकल आत घातली.

आणि काय सांगू, काय मजा आली! ना गाडी, ना मोटार, ना धुरळा. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात शिंगाड्यांचे वेल, लव्हाळ्यात बगळे. चाक जरा रुतत होतं, पण मऊमऊ वाटत होतं. मी मनात वत्सलाला पुढच्या दांडीवर बसवून दोन वेळा गाणंही म्हटलं. माझ्या आयुष्यातला शेवटचा निवांत पाव मैल तो.

तेवढ्यात मागून हाक आली, "ओ साहेब!"

साहेब कुठं दिसतो का म्हणून मी पुढं पाहिलं. कोणी नव्हतं. मागं पाहिलं, तर फाट्यावर कापसानं लादलेल्या सात-आठ बैलगाड्या उभ्या. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या.

"साहेब, रस्ता खुलला का? काट्या काढलेल्या दिसून राह्यल्या!"

तेव्हा कळलं, साहेब म्हणजे मीच! हॅट, पँट, सायकल. ओव्हरशियरच समजले ते मला. अहो, आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी साहेब म्हणत होतं. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. 'मी मास्तर आहे, मला विचारू नका,' एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

पण मी हात उंच केला आणि म्हणालो, "खुलला! या, या, बिनधास्त या!"

आणि निघालो. मागं चाकांची करकर ऐकू येत होती. मला वाटलं, माझ्याच वरातीच्या गाड्या!

मुकादमाच्या घरी बाबा आणि मामा आधीच पोचलेले. मुकादम कामावरून यायचे होते. मी हॅट बाजूला ठेवून सतरंजीवर बसलो. अर्ध्या तासानं मुकादम दारात आले. तोंड पांढरं पडलेलं.

"रस्ता गेला माह्या!"

"काय झालं?" बाबा उठलेच.

"सात गाड्या फसल्या चिभडात. चाकाले लोखंडी धावा, वर कापसाचं वजन! कालच रोलर फिरवला, पाणी मारलं, काट्या टाकल्या. उद्या मोठे साहेब पाहाले येऊन राह्यले. माह्यी नोकरी गेली म्हणून समजा!"

"पण गाडीवाले गेलेच काहून?" मामानं विचारलं.

"एक हॅटवाला होता म्हणते सायकलवर. त्यानंच हात करून बलावलं!"

मी हॅट हळूच ओढली, मांडीखाली घेतली आणि वर बसलो. कर्रर्र!

"काय वाजलं रे?" मामा म्हणाला.

"गुडघा," मी म्हणालो.

आता तरी कबूल व्हावं की नाही? पण मुकादम माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं असंन. त्या हरामखोरावर एक अर्ज लिहून द्या. साहेबाले देतो, निदान माह्या जीव तरी वाचंन."

लिहिला! भिंतीकडे तोंड करून, फळीवर कागद ठेवून लिहिला. 'सदर इसम अत्यंत बेजबाबदार, निर्लज्ज व अकलेने शून्य असून...' लिहिता लिहिता मला रंगच चढला. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वा! बराबर वळखलं तुम्ही त्याले!" मुकादमाचे डोळे भरून आले. बाबांकडे पाहून म्हणाले, "भाऊ, मले पोरगा पसंत हाय."

हे ऐकलंत ना? पसंत हाय! त्या क्षणी कोणी मला उचलून घरी नेऊन ठेवलं असतं, तर आज माझा संसार असता.

तेवढ्यात वत्सला चहा घेऊन आतून आली. माझी पाठ तिच्याकडे. तिचे पाय थांबले. आणि त्याच खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता, ती म्हणाली, "बाबा, अर्जात एक राह्यलं. त्याच्या पाठीवर मुरमाचा पट्टा हाय, कमरेपासून मानेपर्यंत."

"तुले कसं मालूम?"

"मले दिसून राह्यला ना."

मडगार्ड! अहो, मडगार्ड! मागच्या चाकानं ओला मुरूम उडवून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा पट्टा ओढला होता आणि तो मी सगळ्यांना दाखवत बसलो होतो.

बाबांनी डोक्याला हात लावला. पूर्वीचे दिवस असते तर म्हणता आलं असतं, वेळ वाईट होती, मुहूर्त चुकला. पण आम्ही मुहूर्त पाहणं सोडलेलं! दोष द्यायला मी एकटाच उरलो.

मुकादम मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "उठा मास्तर."

दिवस मावळेपर्यंत मी, बाबा आणि मामा चिभडात होतो. गाड्या काढल्या, चाकोऱ्या भरल्या, मुरूम टाकला, पाणी मारलं. मग हातातल्या जड धुम्मसानं मी तो तुकडा ठोकत सुटलो. हाताला फोड आले तरी थांबलो नाही. एकच आशा होती हो. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, पाहून गेले, काही बोलले नाहीत. नोकरी वाचली.

मी मुकादमापुढं उभा राहिलो. "मंग?"

"रस्ता बेस झाला मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "गलती माफ केली. गलती कोणाचीबी होते. पण तुम्ही माह्याच घरात बसून, माह्याच तोंडापुढं तो अर्ज वाचला ना? त्या माणसाले मी पोरगी कशी देऊ?"

दोन स्थळांत बोलावं की गप्प बसावं ते कळलं नव्हतं. तिसऱ्यात कळलं, तेव्हा वेळ गेली होती.

उन्हाळ्यात वत्सलाचं लग्न झालं. नवरदेव नेरचा. वरात त्याच रस्त्यानं जाणार हे मला माहीत होतं, तरी मी सायकल धरून कडेला जाऊन उभा राहिलो. या वेळी मडगार्ड लावले होते.

बाकी रस्त्यानं वऱ्हाडाची हाडं खिळखिळी केली म्हणे. पण नवरीची दमणी चिभडातल्या त्या तुकड्यावर आली आणि अशी सरळ निघून गेली की तिच्या डोक्यावरचा पदरसुद्धा हलला नाही. हलेल कसा? तेवढा तुकडा मी ठोकला होता!