शेवटाआधी उठणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात हजारभर सिनेमे पाहिले असतील, पण एकाचाही शेवट पाहिलेला नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली की ते उठतात, कारण नंतर गर्दीत स्कूटर अडकते. पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर विचारून घेतात. तीच तऱ्हा सगळीकडे. नृसिंहवाडीला गेले तर आरती निम्म्यावर आली की हे चपला शोधायला बाहेर. मिसळ उभ्यानं, चहा चालता चालता. आमच्या लग्नात त्यांनी चौथ्या मंगलाष्टकालाच मुठीतल्या सगळ्या अक्षता टाकल्या आणि पंगतीची जागा धरायला पळाले. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरात सहा खुर्च्या आहेत, पण त्यांतल्या एकीलाही त्यांची पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती. "पावणं, बसलं की माणूस गंजतंय," असं ते मला उभ्या उभ्या सांगतात. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी मी पावणाच.

असल्या माणसानं सिनेमा काढायचं मनावर घेतलं. विनोदी, आणि मोबाइलवर. गोष्ट एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या बहीण-भावाची. वडील वारतात आणि मृत्युपत्रात अट घालून जातात, की दोघांनी महिनाभर एका ताटात जेवायचं, तरच रान, म्हणजे शेतजमीन, दोघांचं, नाहीतर गावच्या देवळाचं. मग ताटाच्या मधोमध भाताचा बांध, अलीकडे तांबडा रस्सा, पलीकडे पांढरा, आणि बांध फुटला की भांडण. ऐकताना पेठेच्या तालीम मंडळातली माणसं गडाबडा लोळली. शेवट काय, असं मी विचारलं. "शेवटाचं बघू की, आदी सुरू तर करू," म्हणत मामा जिना उतरलेसुद्धा.

माझी पंचाईत निराळीच होती. मामांची थोरली बहीण म्हणजे गडमुडशिंगीच्या माझ्या सासूबाई, आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. लोकांना वाटायचं, जमिनीवरून. पण जमिनीतला आपला वाटा सासूबाईंनी हसत हसत कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर सही करून भावाला दिला होता. आमच्याकडची रीत अशी, की सही झाली की भावानं बहिणीला घरी न्यायचं, शेजारी बसून जेवायचं, साडी नेसवायची आणि पोचवून यायचं. स्वयंपाक तयार होता, साडी स्कूटरच्या डिकीत होती. नेमकी त्याच दुपारी पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच होती. सहीची शाई वाळायच्या आत मामा "आलोच" म्हणून किक मारून गेले. मॅचही त्यांनी शेवटपर्यंत पाहिली नाही म्हणा, पण परत येईपर्यंत सासूबाई कचेरीच्या पायरीवर दोन तास वाट बघून बसनं निघून गेल्या होत्या. "रान गेल्याचं कायबी न्हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "पर मला पायरीवर सोडून गेलता त्यो."

मामांनी माफी मागितली नाही. माफी मागायला समोर बसावं लागतं. पण एकदा पाना शोधायला मी त्यांची डिकी उघडली, तर तळाशी पिशवीत ती साडी. मधल्या काळात त्यांनी स्कूटर दोनदा बदलली होती. मी गपचूप डिकी लावून टाकली.

सिनेमात भावाचं काम खुद्द मामांकडे, बहिणीचं शेजारच्या वहिनींकडे. अंगणात ताट मांडून एकच प्रसंग सकाळपासून चालला होता आणि मामांचं काही केल्या समाधान होईना. "वहिनी, आमची आक्का रागात भाकरी अशी मोडत न्हाय. ती आदी बोटानं मधी दाबती, मग मोडती." शेवटी वहिनी "मग तिलाच आणा की" म्हणून घरी गेल्या. मामा अंगणभर येरझाऱ्या घालत राहिले. मला ते बघवेना. मी गाडी काढली, गडमुडशिंगी गाठली आणि सासूबाईंना डिकीतल्या साडीसकट सगळं सांगितलं.

"मी भाकरी कशी मोडती ते ध्यानात हाय व्हय त्याच्या?" एवढंच विचारून त्यांनी चपला पायात घातल्या.

येऊन त्या सरळ ताटापाशी बसल्या. मोबाइल माझ्या हातात. समोर बसलेल्या मामांना संवाद आठवेना. "आक्का, डिकीत..." म्हणत ते उठायला लागले.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "साडी कुटं पळून जात न्हाय. पानावरनं उठायचं न्हाय आता."

त्यांनी भाकरी बोटानं मधे दाबली, मोडली आणि अर्धी भावापुढे टाकली. भाताचा बांध मामांनी हातानं बाजूला सारला. त्यामुळे या विनोदी सिनेमाच्या शेवटी दोन वयस्क माणसं नुसती जेवतात. चित्र जरा हललंय, कारण मला रडू येत होतं. पण तो प्रसंग पुन्हा घ्यायला मामा तयार नाहीत.

तालमीत पडदा लावून सिनेमा दाखवला. सासूबाई घडीवर विटलेली ती साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या, मामा अर्थातच मागे उभे. लोक पोट धरून हसत होते. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि मामा सवयीनं किल्ली काढून दाराकडे निघाले. पण दारात ते थांबले, मागं वळले आणि तिथंच उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकत सासूबाई सावकाश उठल्या, लोकांचे पाय चुकवत दारापर्यंत गेल्या. मामा तोवर हलले नाहीत.

बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. शेवट आम्हीच पाहिला.