ताटातलं वचन

आमच्या घाटंजीच्या ख्रिस्ती मंडळीत नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी ताट फिरतं. साधं, घरातलं जेवायचं स्टीलचं ताट. त्यात पालथ्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर बायबलातलं एक वचन. एक उचलायची आणि जे निघेल ते देवाचं आपल्याशी बोलणं म्हणून वर्षभर जपायचं. कुणी पाकिटात ठेवतं, कुणी आरशाच्या चौकटीत खोचतं. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिका कापून करतात. त्या लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. त्या अक्षराचा मला फार गर्व होता, तोही इथेच कबूल करून टाकते.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते, धाकटी बहीण बावीसची. वडील नव्हते. आईला लकवा झालेला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. काही हवं असलं की ती डाव्या हातातली बांगडी लोखंडी पलंगाच्या दांडीवर वाजवायची. टिक, टिक, टिक. माझं लग्न पुसदला ठरलं होतं, उन्हाळ्यात व्हायचं होतं. बहिणीचं नर्सिंग पूर्ण झालं होतं आणि नाशकाकडच्या एका दवाखान्याचं नोकरीचं पत्र तिच्या हातात होतं. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. दोघींपैकी एकच घर सोडू शकत होती. हे दोघींना कळत होतं आणि दोघीही बोलत नव्हतो.

एकदा भांडी घासता घासता तीच म्हणाली, "ताई, मले जावंसं वाटते. पन देव म्हनन तसं."

तिचं पहिलं वाक्य ऐकून मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. दुसऱ्या वाक्याने मला वाट दाखवली.

सगळ्या चिठ्ठ्या लिहून झाल्यावर मी एक जास्तीची लिहिली. गप्प राहा, देवाची वाट पाहा, अशा अर्थाचं स्तोत्रातलं वचन. सकाळी ताट माझ्याच हातात होतं. ती समोर आली तेव्हा अंगठ्याखाली धरलेली चिठ्ठी मी हळूच पुढे सरकवली. खरं तर तेवढ्याचीही गरज नव्हती. तिला निवडायची सवयच नव्हती. लहानपणी टोपल्यात वरची पोळी करपलेली असली तरी ती तीच घ्यायची, खालची ओढायची मी.

तिने वाचलं, डोळे मिटले. घरी येऊन नोकरीचं पत्र चुलीत घातलं. "देवाची मर्जी, ताई," म्हणाली. रडली असती तर मी कदाचित तिथेच सांगून मोकळी झाले असते. पण ती रडली नाही. तिला हायसं वाटलं होतं, चेहरा कसा निवांत झाला होता. मलाही हायसं वाटलं आणि मी स्वयंपाकाला लागले.

आपल्या पोळीवर तूप तर सगळेच ओढतात. मी ते देवाच्या हाताने ओढलं.

पुसदला मी सुखाने संसार केला, शाळेत नोकरी केली. मनाची समजूत घालायला मी पटाईत. कुणी सांगावं, देवानेच माझा अंगठा वापरला असेल, असं मी स्वतःला सांगत असे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि देवाची इच्छा होवो असं जिथे म्हणायचं असतं, तिथे माझं तोंड मिटलं. पुढच्या ओळीला उघडलं. पुढच्या रविवारी तेच. मग रोजच. छत्तीस वर्षं मी ती ओळ गिळली आणि नुसते ओठ हलवले. त्या ओळीला माझा उजवा अंगठा आपोआप पुढे सरकायचा. तो मी पदरात लपवायची, जसं काही सगळी मंडळी माझ्या अंगठ्याकडेच बघत बसली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आई आणखी चौदा वर्षं जगली. बहिणीने तिचं सगळं केलं. सकाळचे चार तास गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शनं द्यायला जायची, बाकी वेळ आईजवळ. लग्न केलं नाही. मी कधी विचारलंच तर हसून म्हणायची, "पलंगासकट कोन नेते मले?"

नवरा गेला, मी निवृत्त झाले आणि त्याच घरात तिच्याकडे राहायला आले. आईचा पलंग होता तिथेच होता, वर गोधडी घडी करून ठेवलेली. दुपारी डोळा लागला असताना बहीण एकदम उठून बसायची.

"वाजलं काय?"

"नाही गं. काही नाही वाजलं."

मला वाटलं, तिची जुनी सवय. पण पहिल्या पावसाळ्यानंतर मलाही ऐकू यायला लागलं. भर दुपारी, पंखा चालू असताना. टिक, टिक, टिक. एक दिवस मी पलंगाच्या दांडीला फडकं गुंडाळलं. तिने विचारलं, "हे कायले?" मी म्हटलं, धूळ बसते. फडक्याने काही थांबलं नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. आईची नाही, तिला जे ठाऊक असेल त्याची. आईला बोलता येत नव्हतं, पण त्या घरात सगळं कळत होतं ते तिलाच, असं मला वाटायचं.

गेल्या दिवाळीआधी मंडळीतली एक मुलगी बहिणीला भेटायला आली. तिला पुण्याला नोकरी लागली होती आणि आई सोडत नव्हती. "मावशी, देवाची इच्छा काय हाय ते तुम्ही कसं वळखलं होतं?"

बहिणीने तिचं बायबल उघडलं. चिठ्ठी त्यातच होती, पिवळी पडलेली. पाठीवर कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मुहूर्त. तिने ती मुलीच्या हातात दिली. "देवानं मले सांगतलं, थांब. मी थांबली. तूही त्यालेच विचार. तुह्या मनाचं नको करू."

मुलगी ती चिठ्ठी वाचत राहिली. माझं अक्षर वाचत राहिली. आता ते आणखी एकीला घरात बसवणार होतं.

मुलगी गेल्यावर मी बहिणीला सगळं सांगितलं. अंगठ्यासकट. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही, पण डोळे तांदळावर नव्हते.

मग तिने विचारलं, "मंग मी कोनाले हो म्हटलं होतं?"

माझं ओझं उतरलं होतं आणि ते कुठे जाऊन बसलं ते मला समोर दिसत होतं. हेही मी माझ्याच मनाचं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या मुलीच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. आठवड्याभरात मुलगी पुण्याला गेली.

मी सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला आम्ही दोघी रोजच्यासारख्या बसलो होतो. इच्छेची ओळ आली आणि घर गप्प झालं. इतकी वर्षं मी गिळत होते, तरी या घरात तिचा आवाज असायचा. आता तोही नव्हता. कुणीतरी म्हणायला हवी होती. मी म्हटली. छत्तीस वर्षांनी. पुढच्या, रोजची भाकर मागायच्या ओळीला तिचा आवाज परत आला. मग क्षमेची ओळ आली, आम्ही जशी क्षमा करतो तशी तू कर, अशी. तिथे ती थांबली, उठली आणि चहाचं आधण बघायला गेली.

तेव्हापासून रोज ती तिथे उठते. मी ती ओळ एकटी म्हणते.

परत आल्यापासून चिठ्ठ्यांचं काम पुन्हा माझ्याकडेच होतं; डिसेंबरात नेहमीप्रमाणे पत्रिका कापल्या, लिहायला घेतल्या. क्षमेची वचनं तर दरवर्षीच असतात. त्यातलं एक लिहून झालं आणि माझा अंगठा त्याच्यावरून उठेना. किती सोपं होतं. ती अजूनही समोरचीच उचलते. चिठ्ठी निघाली असती, तिने देवाचं ऐकलं असतं आणि मला माझी बहीण परत मिळाली असती.

पहिल्या तारखेला सकाळी मी ताट चर्चच्या पाळकबाईंच्या हातात दिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. बहीण पुढे गेली. या वेळी तिने समोरची उचलली नाही. ताटात हात घातला, चिठ्ठ्या वरखाली केल्या आणि तळातून एक काढली. तिथेच उभ्याने वाचली आणि बायबलात ठेवली.

तिला काय निघालं ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.