सोलापूरच्या बटणावरचं भांडगाव

हौशीराम साकोरे केंदूरचे. रांजणगावात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी करायचं काम त्यांच्याकडं होतं. बिल्टी म्हणजे ट्रकबरोबर जाणारा कागद. माल कुणाचा आणि उतरवायचा कुठं, एवढंच त्यावर लिहायचं. काम साधं होतं, आणि तेच हौशीरामांना सहन होत नव्हतं.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना कॉम्प्युटर आपल्या हाताला बसवून घ्यायचा नाद लागला. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी ऑफिसच्या मशीनवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं. पडद्यावरची चित्रं काढली, खालची पट्टी काढली, माउसची वायर उपटली. उरला काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि त्यामागं त्यांनी स्वतः लिहिलेल्या लहान लहान फायली. मशीन सुरू केलं की 'राम राम आप्पा' उमटायचं. प्रिंटरमधला कागद संपला की 'कागुद घाला' यायचं. कीबोर्डाच्या वरच्या रांगेत एकेका बटणावर एकेक ठिकाण बसवलेलं. एक दाबलं की भिवंडीच्या गोडाऊनचा अख्खा पत्ता, दुसरं दाबलं की नागपूरचा. टंकायचे चार क्षण वाचावेत म्हणून त्यांची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती, पण नादाचा हिशेब कोण मागतो?

"आप्पा, उद्या तुम्ही आजारी पडला तर ह्यो डबा चालवायचा कुणी?" मालक सावळारामशेठ विचारायचे.

"म्हणून तर आजारी पडत न्हाई, शेठ."

पण मुलीच्या साखरपुड्याला बापानं हजर राहावंच लागतं. सुलक्षणाचं भांडगावच्या बापूसाहेबांच्या इंद्रजीतशी जमलं होतं. बापूसाहेब सोसायटीचे माजी चेअरमन. हुंड्याविरुद्ध ते प्रत्येक सभेत बोलायचे, सभा खताच्या वाटपाची असली तरी. "आम्हाला चमचासुद्धा नको," असं त्यांनी बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. हौशीरामांनी रजा टाकली आणि ऑफिसात नव्यानं लागलेल्या मोनालीला मशीन समजावून दिलं.

"सोलापूरचा माल आला की ह्ये कोपऱ्यातलं बटण. बाकी काय बघायचं न्हाई."

मोनालीनं बाकी काही बघितलं नाही. तसं सांगितलंच होतं.

साखरपुड्याच्या दिवशी भांडगावच्या मंगल कार्यालयात सत्कार चालले होते. शाल, टोपी, नारळ. माइकवाल्यानं आजी-माजी सगळे सरपंच संपवले होते आणि सुपारी फोडायला पाट मांडले जात होते. तेवढ्यात दारात ट्रक उभा राहिला.

"हौशीराम सेठ कौन है? वॉशिंग मशीन किधर उतारनी है?"

मांडवातल्या माना दाराकडं वळल्या. मग कुजबुज सुरू झाली.

"बापूसाहेब तोंडानं नको म्हणले आन् ट्रकानं घेतलं."

"दोघांचा संसार, गं. ट्रकभर मशिनी लागाय धुणं निघतंय तरी किती?"

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. हौशीरामांना कोपऱ्यात घेऊन ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्ये काय केलंसा? निवडणुकीत लोक ह्योच ट्रक माझ्या दारात उभा करतील. मला न्हाई फोडायची सुपारी."

"ड्रायव्हर चुकला असंल," हौशीराम म्हणाले.

ड्रायव्हरनं बिल्टी पुढं केली. त्यावर छापलं होतं: हौशीराम साकोरे, मंगल कार्यालय, भांडगाव, ता. दौंड. खाली त्यांचाच मोबाईल नंबर.

सुलक्षणा साडी सावरत जवळ आली. "पप्पा, पाहुण्यांना पत्ता पाठवायला तुम्ही कोणतं बटण घेतलं होतं?"

हौशीरामांनी बिल्टी परत एकदा वाचली. निमंत्रणाच्या धांदलीत हाताखाली सोपं पडतं म्हणून त्यांनी सोलापूरच्या बटणावर आपल्या नाव-नंबरासकट कार्यालयाचा पत्ता बसवला होता. तो काढायचा राहिला होता, हे त्यांनी हळूच कबूल केलं.

"मंग ह्ये माइकवर सांगा," बापूसाहेब म्हणाले. "मंग बघू."

हौशीरामांनी माइक घेतला. चूक सांगायला उभे राहिले आणि ती फाईल किती कमी ओळींत लिहिली हे सांगू लागले. मागच्या रांगेतल्या एकानं जेवण कधी आहे विचारलं. शेवटी सुलक्षणानं माइक काढून घेतला.

"पप्पांनी कीबोर्डावर गावं मांडलीत. त्यातलं एक चुकलंय. ट्रक सोलापूरचा आहे, आमचा नाही."

लोक पोट धरून हसले. बापूसाहेबांच्या जिवात जीव आला, पण ते गडी पक्के.

"आज ट्रक आला. लग्नाच्या दिशी रेल्वे आली तर? त्ये बटणांचं समदं काढा. आत्ता, माझ्या म्होरं. मंगच सुपारी."

हौशीरामांनी ऑफिसात फोन लावून झाला घोटाळा सांगितला. मोनाली म्हणाली, "काका, तेवढं एकच बटण काढू का? बाकीचं राहू दे?"

तेवढं पुरलं असतं. बापूसाहेबांना त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण सुलक्षणा माइक हातात धरून उभी होती आणि तिला कळत होतं.

"सगळं काढ," हौशीराम म्हणाले, आणि अक्षर अक्षर करून काय टाइप करायचं ते सांगितलं.

"काका, हे विचारतंय, नक्की का. परत मिळणार नाही म्हणतंय."

"व्हय म्हण त्याला." त्यांनी फोन बंद केला आणि बापूसाहेबांसमोर पाटावर जाऊन बसले.