पाच दिवसांची लबाडी

"तेवीस आठवडे आणि एक दिवस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणि कळा सुरू झाल्यात." बेंगळुरूच्या त्या हॉस्पिटलात मी होसकोट्याच्या कंपनीतून थेट, ओळखपत्र गळ्यात घालूनच पोहोचले होते.

इतक्या लवकर येणाऱ्या बाळाला पेरिव्हायबल म्हणतात, म्हणजे जगेल की नाही याच्या अगदी सीमेवरचं. मॅडमनी दोन वाटा समजावल्या. एक, जन्मताच श्वासाची नळी घालून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, प्रयत्न करायचा. दुसरी, कम्फर्ट केअर. म्हणजे सुया-नळ्या न लावता बाळाला आईच्या कुशीत उबेत ठेवायचं आणि जाऊ द्यायचं. "चोवीसच्या जवळ असतात तर जरा जास्त धीर दिला असता," त्या म्हणाल्या.

तारीख मीच खोटी सांगितली होती.

गौरींना आम्ही बेळगावला, सासरी होतो. तिथे पाळी आली की स्वयंपाकघर बंद. माझी नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी आली. पुरणपोळ्या करायची हौस दांडगी, म्हणून गप्प बसले. पुढे सासूबाई कौतुकाने आमच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्या तपासणीला शेजारीच बसल्या. आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून; मग काय, पाळीची पाच दिवस पुढची तारीख ठोकून दिली. सोनोग्राफीत थोडा फरक दिसला, पण तेवढा चालतो म्हणून तीच तारीख राहिली.

आताही सासूबाई उशाशीच होत्या. डोळे मिटून मॅडमना सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने फाइलमधून जुनी सोनोग्राफी काढून मॅडमपुढे धरली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझं तोंड बघून तेव्हाच कळलं होतं की मला! पोळ्या चांगल्या होत होत्या म्हणून गप्प बसले. डॉक्टरला तरी स्वल्प खरं सांगायचं की गं!"

मॅडमनी जुनी सोनोग्राफी पुन्हा पाहिली. "जुळतंय. तेवीस आठवडे सहा दिवस. खात्री देत नाही, पण प्रयत्नाला जागा आहे."

आम्ही प्रयत्न निवडला. बाळाला सोसेनासं झालं तर ओढाताण करायची नाही, हेही तेव्हाच ठरवलं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, कळा दोन दिवस थोपवून धरल्या. लेक झाली, सहाशे चाळीस ग्रॅमची.

साडेतीन महिने एनआयसीयूत गेले. त्या दिवसांत शेजारच्या खोलीतल्या जोडप्याने बाळाला कुशीत घेऊन निरोप दिला. त्यांची माया आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. तुमच्यावर ही वेळ आली तर दोन्ही वाटा नीट विचारा. आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका, सासू शेजारी असली तरी!

लेक आता दोन वर्षांची आहे. चष्मा लागलाय, चालायला उशिरा लागली. गेल्या आठवड्यात ती "नको" म्हणायला शिकली. इडली नको, टोपी नको, आईसुद्धा नको. तिच्या वतीने ठरवायचे आमचे दिवस संपत आले, आणि मला त्याचा केवढा आनंद झालाय म्हणून सांगू!