निजलेला उंदीर

आमच्या घरी गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आमच्याकडे गणपती विकत आणत नाहीत हो, घरचा पाट शाळेत आणून द्यायचा नि त्यावरच मूर्ती करून घ्यायची. सासऱ्यांच्या वेळेपासून गावातले पाट आमच्याकडे येतात. आता मुलगा बघतो. मूर्ती त्याची, उंदीर माझे. कुठे शिकले नाही मी, लग्नानंतर बसल्या बसल्या हात लागला.

लोकांना गेल्या वर्षीसारखाच गणपती लागतो. मुलगा तसाच देतो. उंदराकडे बघतो कोण, असं मला वाटायचं. म्हणून मी एकाला कान खाजवायला लावायची, एकाला मोदकाकडे चोरून बघायला. दोन वर्षांमागे एक उंदीर केला, मोदकाला टेकून गाढ निजलेला, पोट वर. करताना इतकी मजा आली की चहा गार झाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीतले भावोजी मूर्ती न्यायला आले. पाट उचलायला वाकले नि तसेच थांबले.

"गो वयनी, आमचो उंदीर निजलो कसो? गणपतीन जावचा कोणार? आधी उठय तेका."

मी हसले. ते हसले नाहीत. घरात आधीच त्या वर्षी आजारपण चाललेलं, बायको बघेल तर अपशकुन म्हणून मनाला लावून घेईल, असं हळूच म्हणाले. मग माझंही हसू गेलं. मुलाने पात्याने उंदीर कापून काढला, साच्यातला बसवला, रंग ओला आहे, जपून न्या म्हणाला.

त्या संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ बसला. ओरडला नाही. "आये, तुझो उंदीर बघून माका पण हसू येता. पण लोकांच्या पाटार नको. पाट येवचे बंद झाले तर आपण खंय जातलव?"

खरं होतं त्याचं. तेव्हापासून पाटांवर साच्यातले उंदीर. मला मात्र आठ दिवस मातीला हात लावावासा वाटेना. आता आपलं शाळेत काम काय, हेच डोक्यात.

पण गणपती गेल्यावर टोपलीत माती उरतेच. बसले परत. कोणाचा पाट नाही, कोणाची तक्रार नाही. फळीवर उंदरांची रांग लागली, त्यात निजलेलाही परत केला. गेल्या महिन्यात तारकर्लीला पर्यटकांसाठी खोल्या देणारी एक बाई आली, तिला निजलेला फार आवडला. प्रत्येक खोलीत एक ठेवीन, सगळे अगदी असेच हवेत म्हणाली. मुलाचा चेहरा उजळला. मी करायला घेतले. चार झाले, पाचव्याला जांभई मला आली. एकेक मिशी मोजून तशीच काढायची, हे काय करणं झालं?

मुलाने ते ओळखलं असावं. घाबरत विचारलं, "आये, ह्येचो साचो काढू?"

मी त्या उंदराकडे बघितलं. माझाच होता, पण त्याच्याशी माझं काम संपलं होतं.

"काढ," म्हटलं, "पण त्यात माती भरूक माका बोलवू नको."

तो ओट्यावर प्लास्टर कालवायला बसला. मी नवा गोळा घेतला. ह्याला शिंक येतेय असं काहीतरी करायचं होतं, नाक अजून जमत नव्हतं.